एकविसावं डोकं

नगरसभेच्या सभागृहात त्यांना मौनीबुवा म्हणत. हे नाव आपण ठेवलं असा दावा सत्ताधारी करत आणि विरोधकही करत. शहरात दोन्ही पक्षांनी हक्क सांगावा अशी दुसरी वस्तू म्हणजे नदीवरचा पूल. पुलाला तडा गेल्यावर मात्र तो कुणाचाच उरला नाही. मौनीबुवांना तडाबिडा जायचा अजून बाकी होता, म्हणून ते दोघांचेही होते.

ते एका संस्थेत नोकरीला होते. शहराचा कारभार कसा चालतो ते बघायचं, त्याचा अभ्यास करायचा आणि जे दिसलं ते छापून लोकांपुढे ठेवायचं, हे संस्थेचं काम. संस्था ना सरकारची, ना पक्षाची, ना कुठल्या शेठजीची. हल्ली अशा संस्थांना थिंक टँक म्हणतात. मौनीबुवांच्या सासूबाईंनी हे एकदा ऐकलं आणि तेव्हापासून आपला जावई टाक्यांच्या धंद्यात आहे असं त्या सगळ्यांना सांगत. धंदा बरा चालत असावा अशीही त्यांची समजूत होती आणि ती मोडायची छाती घरात कुणाची झाली नाही.

संस्थेचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. तीन खोल्या. पहिलीत कपाटं, दुसरीत आकडेमोड करणारी दोन माणसं, तिसरीत संचालकबाई. दुकानाची पाटी चुकीच्या ठिकाणी लावलेली असल्यामुळे डोळे तपासून घ्यायला लोक जिना चढून थेट वर येत. त्यांना पाणी देऊन खाली पाठवणं हेही संस्थेच्या सार्वजनिक कार्यातच धरलं जाई.

मौनीबुवांचं काम बसण्याचं. नगरसभेची बैठक असली की प्रेक्षकांच्या सज्जात जायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायचं, कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं ते टिपायचं आणि महिन्याच्या महिन्याला अहवाल करायचा. त्याआधी ते एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत. ते वर्तमानपत्र पुढे बंद पडलं, पण त्यात मुद्रितांचा दोष नव्हता. संस्थेत आले तेव्हा डोक्यावर केस होते आणि मुलगी शाळेत होती. आता केस गेले होते आणि मुलगी नगरसभेच्या इस्पितळात नर्स होती.

बसून काय होतं, असं त्यांची बायको विचारायची. प्रश्न रास्त होता. पण होतं, काहीतरी होतं. पहिल्या वर्षी सभासदांनी त्यांना दोनदा बाहेर काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अहवालातून लोकांना कळलं की बाजाराच्या जागेचा ठराव, वाचायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात मंजूर झाला होता. बोंबाबोंब झाली. त्यानंतर विषयपत्रिका आठवडाभर आधी फलकावर लागायला लागली. पुढे सभासद झोपायचे कमी झाले; निदान घोरायचे तरी थांबले. सत्ताधाऱ्यांना मौनीबुवा विरोधकांचे वाटत, विरोधकांना सत्ताधाऱ्यांचे. बायकोला ते दोघांचेही वाटत, कारण घरी वेळेवर कधी येत नसत.

संस्थेचे नियम मात्र कडक. निरीक्षकाने सभागृहाच्या इमारतीत चहा घ्यायचा नाही. चहाने मत बदलत नाही हे सगळ्यांनाच कळत होतं, पण नियम आधीच्या संचालकांचा होता आणि ते वारले असल्यामुळे तो बदलायला परवानगी कुणाची घ्यायची हे ठरेना. दुसरा नियम, निरीक्षकाने सभागृहात तोंड उघडायचं नाही. बघायला गेलेल्या माणसाने बघावं. आणि तिसरा नियम सगळ्यात त्रासाचा. अहवालात ज्याच्याबद्दल लिहिलं असेल त्याला मसुदा छापायच्या आधी दाखवायचा, पंधरा दिवस द्यायचे आणि त्याचं जे काही म्हणणं असेल ते अहवालाखाली जसंच्या तसं छापायचं. काना, मात्रा, शिवी, काही बदलायचं नाही. या नियमामुळे संस्थेच्या अहवालांची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाचली जाई.

तर त्या वर्षी झालं असं, की सज्जाच्या छताचं प्लास्टर पडलं. सज्जात तेव्हा कुणी नव्हतं. कुणी असायचं म्हणजे मौनीबुवाच, आणि ते बैठक नसताना जात नसत. बांधकाम विभागाने सज्जाला दोरी बांधली. अध्यक्ष मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "अहो, तुम्ही खाली बसा की सभागृहात. मागचा बाक रिकामाच असतो. कोण येतंय तिथे?"

म्हणून मौनीबुवा सभासदांच्या शेवटच्या बाकावर बसायला लागले.

त्या दिवशीच्या पत्रिकेवर शेवटचा विषय होता कंत्राटी नर्सना कायम करण्याचा. मौनीबुवांची मुलगी त्यात होती. नऊ वर्षं ती कंत्राटावर होती. तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करायची. त्याच कामाचं मोठं प्रशिक्षण असतं, वर्षभराचं, दुसऱ्या शहरात. तिथे फक्त कायम नर्सना पाठवतात आणि पस्तिशी उलटली की घेत नाहीत. तिला पस्तिसावं चालू होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे घरात रोज बोललं जात नव्हतं, पण त्याशिवाय दुसरं फारसं काही बोललंही जात नव्हतं.

विषयाला विरोध कुणाचाच नव्हता. निवडणूक जवळ आली होती आणि नर्सना कायम केल्याचं श्रेय दोघांनाही हवं होतं. दोन्ही पक्षांची अभिनंदनाची पत्रकं आधीच छापून झाली होती. अडचण एवढीच, की विषय शेवटचा होता आणि तोवर बरेचसे सभासद आपापल्या कामाला निघून गेले होते. उरलेल्यांतल्या एकाला घरी जायची घाई होती. तो उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, गणपूर्ती आहे का?"

बैठक कायदेशीर धरायला निदान एकवीस सभासद हजर लागत. नसले तर बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलायची. अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं. "मोजा."

सचिव उभे राहिले आणि पेन्सिलीने डोकी मोजायला लागले. पहिल्या बाकापासून, ओठ हलवत. मौनीबुवांनीही सवयीने मोजलं. वीस झाले. सचिवांची पेन्सिल शेवटच्या बाकाकडे आली, मौनीबुवांच्या डोक्यावर क्षणभर थांबली आणि परत गेली.

"एकवीस आहेत, अध्यक्ष महाराज."

आता सांगा, माणसाने काय करावं? उठून म्हणावं, अहो, मी सभासद नाही! पण तोंड उघडायचं नाही हा नियम. आणि नियम एकीकडे राहू द्या. मौनीबुवांनी पुढच्या आठवड्यावर गेलेले विषय जन्मभर बघितले होते. काही तिथून परत आले होते, पण कितीतरी असे होते की गेले ते गेलेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी मान खाली घातली आणि टिपणवहीत उगीचच एक रेघ ओढली. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर?" सगळे म्हणाले, "मंजूर!" घरी जायची घाई असलेला सगळ्यात मोठ्याने म्हणाला.

घरी त्या दिवशी मुलीने वडिलांना मिठीच मारली. लहान असतानाही ती असल्या भानगडीत पडत नसे. "बाबा, तुमच्यासमोर झालं ना? तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"ऐकलं," मौनीबुवा म्हणाले. हे खोटं नव्हतं.

प्रशिक्षणाला लागणारी मोठी बॅग दुसऱ्याच दिवशी घरात आली.

महिनाअखेरीला मौनीबुवा अहवाल लिहायला बसले. उपस्थित सभासद एकवीस, असं लिहायला गेले आणि हात चालेना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून हाताला खोड लागलेली असते, तिला पोटच्या पोरीचंही कळत नाही. मग त्यांनी एक युक्ती केली. "सचिवांच्या मोजणीनुसार एकवीस" असं लिहिलं. वाक्य सोळा आणे खरं होतं. खुशीत त्यांनी चहासुद्धा घेतला, संस्थेचा.

संचालकबाईंनी मसुदा वाचला आणि मौनीबुवांना आत बोलावलं. बाई शांत स्वभावाच्या. आवाज चढवायच्या नाहीत. त्यामुळे पळायलाही वाट मिळत नसे.

"सचिवांच्या मोजणीनुसार म्हणजे? आणि तुमच्या मोजणीनुसार?"

"वीस."

"मग एकविसावा कोण?"

मौनीबुवांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाईप होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. "मी," ते म्हणाले.

बाईंनी मसुदा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी त्या नर्समध्ये आहे ना?"

"आहे."

"लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा, असं मी म्हणणार नाही. ते लिहावंच लागेल. उद्या दुसऱ्या कुणी असंच एक डोकं जास्त मोजून शाळेची जागा विकली, तर आपण कुठल्या तोंडाने बोलणार? तुम्ही लिहिता की मी लिहू, एवढंच ठरवा."

"मी लिहितो."

त्यांनी लिहिलं. बैठकीला वीसच सभासद होते, एकविसावा म्हणून मोजला गेलेला माणूस या संस्थेचा निरीक्षक होता आणि निरीक्षक नियमानुसार सभागृहात बोलला नाही. साधा, सरळ मजकूर. मग तिसऱ्या नियमाप्रमाणे मसुदा दाखवायची वेळ आली. एक प्रत अध्यक्षांना, एक सचिवांना. आणि नर्सच्या वतीने कुणाला? नर्स पुष्कळ होत्या.

"एक तुमच्या घरातच आहे," संचालकबाई म्हणाल्या.

दुपारची जेवणं झाल्यावर मौनीबुवांनी कागद मुलीच्या पुढे ठेवला. तिने उभ्याउभ्याच वाचला. पुन्हा वाचला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मौनीबुवांना वाटलं, ओरडेल, रडेल, निदान ताट तरी आपटेल. तिने विचारलं, "पंधरा दिवस असतात ना?"

"असतात."

"ठीक आहे," असं म्हणून ती कामाला निघून गेली. तिची दुपारनंतरची पाळी होती.

बायकोने मात्र कसर भरून काढली. "मोठे सत्यवचनी लागून गेलात! एवढं होतं तर त्या दिवशी तोंडात गुळणी का धरलीत? तेव्हा वाचा बसली होती आणि आता कंठ फुटला? पोरीने बॅग आणली हो घरात!"

"अगं, माझ्यामुळे झालं तर मलाच..."

"तेच म्हणतेय मी. तुमच्यामुळेच झालं."

 मौनीबुवांना त्या दिवसांत झोप लागत नसे आणि जेवणही जात नसे. पोरीच्या पाठीत आपणच सुरा खुपसला असं त्यांना वाटे, आणि खरं लिहिलं नसतं तर आजवरचं सगळं बसणं फुकट गेलं असतं, असंही वाटे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन्ही दुखत होतं.

सचिवांचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. "सदर गृहस्थ गेली अनेक वर्षे प्रत्येक बैठकीस आरंभापासून अखेरपर्यंत हजर असतात. सभासदांपैकी असे कोणीही नाही. त्यामुळे गैरसमज झाला." अध्यक्षांचं उत्तर असं, की मोजणी सचिवांची, आसनव्यवस्था बांधकाम विभागाची, डोकं निरीक्षकाचं, यात अध्यक्षांचं काय आहे ते कळत नाही.

पण अध्यक्ष काही दुधखुळे नव्हते. अहवाल छापून यायच्या आत ठराव पुन्हा मंजूर करून घ्यावा म्हणून त्यांनी तातडीने खास बैठक बोलावली. आणि तिथेच माशी शिंकली. खास बैठक कशाला, म्हणून विरोधकांनी चौकशी केली, आणि एकविसाव्या डोक्याची गोष्ट सगळ्या शहरात झाली. अभिनंदनाची पत्रकं छापून बसलेले विरोधी नेते एका रात्रीत तत्त्वाचे झाले. म्हणाले, "नर्सना आमचा विरोध नाही. पद्धतीला विरोध आहे."

मौनीबुवा आता या प्रकरणात पक्षकार झाले होते, त्यामुळे त्या बैठकीला संचालकबाई स्वतः जाऊन बसल्या. सज्जाची दोरी सोडली होती. त्या संध्याकाळी परत आल्या आणि पर्स टेबलावर ठेवून त्यांनी मौनीबुवांना सगळं नीट सांगितलं. सभागृह गच्च भरलं होतं. यापुढे गणपूर्ती नाव पुकारूनच मोजायची, असा नियम एकमताने झाला. दोन्ही नेत्यांनी संस्थेचं नाव घेऊन कौतुक केलं.

"आणि तो विषय?"

"जुना ठराव रद्द केला आणि विषय समितीकडे दिला. समितीने पुढच्या वर्षी अहवाल द्यायचा आहे."

"पुढच्या वर्षी," मौनीबुवा म्हणाले.

"हो."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत लोकशाहीचा विजय झाल्याचं आलं होतं. एकाने अग्रलेखही लिहिला होता. घरी ते वर्तमानपत्र भाजी निवडायला वापरलं गेलं. मुलगी त्याच दिवशी कंत्राटाच्या नव्या कागदावर सही करून आली.  मौनीबुवांना तिच्याशी बोलावंसं वाटे, पण कुठून सुरुवात करावी हे कळत नसे. ते तिला चपला कुठे ठेवल्यास, पाऊस आहे का बाहेर, असलं काहीतरी विचारत. ती उत्तर देई.

पंधरावा दिवस उजाडला. मौनीबुवांनी मनाशी धरलं होतं, की ती काही लिहिणार नाही. दुपारी ती पाळीवर जायच्या आधी ऑफिसचा जिना चढून आली. तिला पांढऱ्या कपड्यांत बघून पहिल्या खोलीत डोळे तपासायला म्हणून आलेला एक म्हातारा उठून उभा राहिला. तिने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि डॉक्टर खालच्या मजल्यावर आहेत म्हणून सांगितलं. मग वडिलांच्या टेबलापुढून तशीच आत जाऊन एक कागद संचालकबाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो वाचला. मग त्या स्वतः उठून मौनीबुवांच्या टेबलापाशी आल्या.

"मी टाइप करू का?"

"नको," मौनीबुवा म्हणाले. "माझं काम आहे."

त्यांनी कागद पुढ्यात घेतला आणि टाइप करायला लागले.

"या अहवालातलं एक वाक्य खरं नाही. निरीक्षक नियमानुसार बोलला नाही, असं लिहिलं आहे. तो नियमामुळे गप्प बसला नाही, माझ्यासाठी गप्प बसला. तो माझा बाप आहे. त्याच वेळी उठून सांगितलं असतं तर बैठक एक आठवडा पुढे गेली असती, आणि त्या वेळी आम्हाला कुणाचा विरोध नव्हता. मी नऊ वर्षं थांबले होते. आणखी एक आठवडा थांबले असते. माझ्या वतीने गप्प बसायचं त्यांनी ठरवलं आणि माझ्या वतीने बोलायचंही त्यांनीच ठरवलं. मला एकदाही विचारलं नाही."

शेवटच्या ओळीला मौनीबुवांना अक्षरं दिसेनाशी झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता, कारण एक हात कागदावर आणि एक यंत्रावर होता. इतक्या बैठका बघितल्या, इतक्या सभासदांना, तुम्ही लोकांना विचारलंत का, असं छापून विचारलं, आणि घरातल्या एका माणसाला विचारायचं राहिलं. पुढचा आठवडा त्यांना विषय पुरायची जागा वाटली होती. तो नुसता एक आठवडा होता.

टाइप करून झालं. संचालकबाई अजून तिथेच उभ्या होत्या. "अहवालात निरीक्षकाबद्दलही लिहिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे नियमाने तुमचंही म्हणणं घ्यावं लागतं. काही आहे?"

"आहे."

त्यांनी मुलीच्या मजकुराखाली एक ओळ लिहिली, कागद काढला आणि पहिल्या खोलीत गेले. आपलं म्हणणं जसंच्या तसं छापलं जातंय का ते बघायला मुलगी थांबली होती. तो तिचा हक्कच होता. मौनीबुवांनी कागद तिला दिला आणि शेजारी उभे राहिले.

तिने आपला मजकूर शब्द न् शब्द ताडून बघितला. मग खालची ओळ वाचली. निरीक्षकाचं म्हणणं: वरचं सगळं खरं आहे, आणि मी तिला अजूनही विचारलेलं नाही.

ती कागदाकडे बघत राहिली.

"मग विचारा," ती म्हणाली.

मौनीबुवांनी तोंड उघडलं. "हे छापू का?"

तिने घड्याळाकडे बघितलं. पाळीची वेळ होत आली होती. "छापा," ती म्हणाली, "आणि त्यातला बाप हा शब्द बदलू नका." मग त्या म्हाताऱ्याचा हात धरून ती सावकाश जिना उतरून गेली.